पानावरून आयरिसची ओळख

आयरिसचा बहर जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. उरलेले वर्षभर बागेत दिसतात ती केवळ त्याची पाने. तलवारीच्या पात्यासारखी उभी, एकमेकांत गुंतलेली आणि पंख्यासारखी पसरलेली. जुने घर विकत घेतलेल्या कुटुंबाला मागच्या अंगणात असा पंखा आढळतो, शेजारी ओंजळभर गड्डे आणून देतो, रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची पट्टी पहिल्याच पावसात पुसली जाते, आणि मग प्रश्न उभा राहतो : हे नेमके कोणते आयरिस? युरोप-अमेरिकेतील बागप्रेमींमध्ये अशा निनावी झाडांना 'नो आयडी' असे सुटसुटीत नाव पडले आहे. फूल येईपर्यंत वाट पाहणे हा एक मार्ग झाला. परंतु चुकीच्या जागी लावलेले आयरिस फूल येईपर्यंत जगेलच, याची खात्री नसते.

या वंशात सुमारे तीनशे जाती आहेत आणि त्यांच्या सवयी परस्परांच्या अगदी उलट आहेत. ज्यांच्या पाकळीवर केसाळ पट्टा असतो त्या 'दाढीवाल्या' आयरिसचे गड्डे मातीच्या वर, उन्हात अर्धवट उघडे ठेवावे लागतात. ते खोल पुरले किंवा पाणथळ जागी लावले, तर जिवाणूंमुळे सडून त्यांचा दुर्गंधीयुक्त लगदा होतो. सैबेरियन आयरिसला मात्र गड्ड्यावर तीन-चार सेंटिमीटर माती आणि टिकून राहणारा ओलावा हवा असतो. जपानी आयरिसला आम्लधर्मी जमीन मानवते. चुनखडीच्या मातीत त्याची पाने पिवळी पडतात. म्हणजे झाडाचे नाव कळले नाही तरी चालेल, पण त्याचा गट कळणे अत्यावश्यक ठरते आणि सुदैवाने गट ओळखण्यासाठी पान बहुतेक वेळा पुरेसे असते.

आधी ते आयरिस आहे का?

आयरिसच्या पानाची घडण मुळातच विलक्षण आहे. आंब्याच्या किंवा जास्वंदीच्या पानाला वरची आणि खालची अशा दोन निराळ्या बाजू असतात. आयरिसचे पान मात्र लांबीच्या दिशेने मधोमध दुमडून आतल्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटाव्यात, असे घडलेले असते. त्यामुळे डावी-उजवीकडून पाहिले तरी दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. बुडाशी मात्र ही घडी उघडी राहते आणि त्या फटीत पुढचे पान बसते. त्यातूनच पंख्याचा चपटा आकार तयार होतो. बुडाशी बोट फिरवून ही खाच जाणवली, की पहिली पायरी पार पडली असे समजावे.

सर्वाधिक गल्लत होते ती डे-लिलीशी. तिची पानेही बुडाशी पंख्यासारखी निघतात, परंतु प्रत्येक पान पन्हळीसारखे खोलगट असून टोकाकडे कमानीसारखे वाकते. आयरिसचे पान चपटे, ताठ आणि धारदार कडांचे असते. ग्लॅडिओलसचा पंखा आयरिसइतकाच चपटा असला, तरी त्याच्या पानावर अनेक उठावदार शिरा उभ्या धावतात आणि खाली आल्यासारखा आडवा गड्डा नसून जाळीदार सालीचा गोल कंद असतो. तळ्याकाठच्या पाणकणसाचे पान आडवे कापले, तर आत स्पंजासारखा पोकळ भाग दिसतो. निशिगंधाची पाने गवतासारखी सर्व बाजूंना पसरतात. त्यांचा पंखा होतच नाही.

वेखंडाशी साम्य

मराठी घरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे साम्य आहे ते वेखंडाशी. बाळंतिणीच्या खोलीत, बाळाच्या गुटीत आणि आजीबाईच्या बटव्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थान मिळवलेली ही वनस्पती ओलसर जागी वाढते. तिची पाने इतकी आयरिससारखी दिसतात की अनेक देशांच्या भाषांनीच दोघांची सरमिसळ करून ठेवली आहे. पिवळ्या पाणथळ आयरिसला लिनियसने १७५३ साली 'स्यूडाकोरस' हे जातिनाम दिले. त्याचा अर्थच 'खोटे अॅकोरस', म्हणजे खोटे वेखंड. इंग्रजीत आयरिसला 'फ्लॅग' आणि वेखंडाला 'स्वीट फ्लॅग' म्हणतात. जपानमध्ये तर गंमत अशी, की 'आयामे' हे आयरिस आणि 'शोबू' म्हणजे वेखंड, हे दोन्ही शब्द एकाच चिनी अक्षरजोडीने लिहिले जातात. ५ मेच्या पारंपरिक सणाला तेथे स्नानाच्या पाण्यात पाने घालतात, ती या शोबूची. म्हणजे सुगंधी वेखंडाची, आयरिसची नव्हे.

आयुर्वेदातही ही गुंतागुंत नवी नाही. प्राचीन ग्रंथांतील 'हैमवती वचा' नेमकी कोणती, यावर मतभेद असून काही अभ्यासक ती आयरिसच्या जातीशी जोडतात. युनानी वैद्यकात 'इरसा' या नावाने आयरिसचा गड्डा स्वतंत्रपणे ओळखला जातो.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. आयरिसच्या ताज्या गड्ड्यात दाहक द्रव्ये असतात. तो पोटात गेल्यास उलट्या व जुलाब होतात आणि त्याच्या चिकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते. बागेतले झाड वेखंड समजून उपटले आणि सहाणेवर उगाळले, तर प्रसंग बाळाच्या जिवाशी येऊ शकतो. वस्तुतः खुद्द वेखंडही निर्धोक नाही. त्यातील बीटा-अॅसरोन या घटकामुळे अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड व त्याचे तेल वापरण्यास बंदी घातली. तेव्हा तान्ह्या बाळाला काही चाटवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घेणे हिताचे.

दोघांतला फरक पानावरून निःसंशय ओळखता येतो आणि त्यासाठी दोन खुणा पुरतात. वेखंडाच्या पानाची ठळक शीर बरोबर मध्यावर नसते; ती एका कडेकडे सरकलेली असते. शिवाय पानाची एक कड ठिकठिकाणी चुण्या पडल्यासारखी नागमोडी होते. दुसरी खूण त्याहून सोपी : पान चुरगाळून हुंगावे. वेखंडाचा उग्र-गोड सुवास लगेच दरवळतो. आयरिसचे पान चुरगाळले तर साधारणतः गवताचाच वास येतो.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. 'आयरिस फोएटिडिसिमा' या युरोपीय जातीचे गडद हिरवे, चकचकीत पान चोळले, की भाजलेल्या मांसासारखा वास येतो. त्यावरूनच इंग्लंडमध्ये तिला 'रोस्ट बीफ प्लँट' हे नाव मिळाले आहे. वेखंडाच्या सुवासाशी त्याची गफलत होणे मात्र अशक्य.

दाढीवाल्यांचा पंखा

युरोप-अमेरिकेतील बागांत सर्वाधिक आढळणारा गट हाच. व्हॅन गॉगने मे १८८९ मध्ये सँ-रेमी येथील मनोरुग्णालयाच्या बागेत रंगवलेले प्रसिद्ध 'आयरिसेस' पाहिले, तर फुलांइतकीच पानेही बोलकी आहेत : रुंद, निळसर हिरवी, जराशी पिळवटलेली. फुले झाकून ठेवली, तरी जाणकार हा गट सांगू शकेल.

या गटाची ओळख रुंदीत आणि रंगात आहे. उंच वाढणाऱ्या वाणांची पाने तीन ते पाच सेंटिमीटर रुंद असतात. द्राक्षावर किंवा कोबीच्या पानावर असतो तसा मेणाचा पुसट थर त्यांच्यावर असतो आणि बोट फिरवल्यावर तो निघून खाली गडद हिरवा रंग दिसतो. मध्यशीर हाताला जाणवत नाही. पंख्याच्या बुडाशी मातीच्या वर डोकावणारे, आल्यासारखे जाडजूड गड्डे असले, की शंका उरत नाही.

गटांतर्गत वर्गवारी मात्र पानावरून जपूनच करावी. १९२० साली स्थापन झालेल्या अमेरिकन आयरिस सोसायटीने उंचीनुसार वर्ग ठरवले आहेत : २० सेंटिमीटरपर्यंत अतिबुटके, ४१ पर्यंत बुटके, ७० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे उंच. ही मोजमापे फुलांच्या दांड्याची आहेत, पानांची नव्हेत, हे अनेकदा विसरले जाते. सावलीत वाढलेल्या बुटक्या वाणाची पाने लांबतात आणि उपाशी ठेवलेले उंच वाण खुरटे दिसते. शिवाय मध्यम उंचीच्या वर्गातच वेगवेगळ्या प्रकारांचे आणखी उपवर्ग आहेत.

पंख्याच्या बुडाशी जांभळी झाक आहे की नाही, ही या गटातील उपयुक्त खूण. वाणाचे वर्णन करताना ती आवर्जून नोंदवली जाते. परंतु ही झाक वसंतात नव्या पानांवर ठळक असते आणि उन्हाळा सरता सरता फिकट होते. त्यामुळे ऑगस्टमध्ये ती दिसली नाही, एवढ्यावरून ती नव्हतीच असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

पट्टेरी पानांचे आयरिस ओळखणे त्या मानाने सोपे. 'आयरिस पॅलिडा' या जातीचे दोन प्रकार बागांत लोकप्रिय आहेत. एकाच्या पानावर लांबीच्या दिशेने पांढरे पट्टे, तर दुसऱ्याच्या पानावर पिवळे. हे पट्टे सलग आणि काठ स्पष्ट असलेले असतात. तुटक, अस्पष्ट, फिकट रेघा दिसल्या तर मात्र हर्षभरित होऊ नये. तो बहुधा विषाणूजन्य रोग असतो. तपकिरी ठिपके हेही वाणाचे लक्षण नसून बुरशीची करामत असते. ओळख पटवण्यासाठी नेहमी निरोगी, पूर्ण वाढलेले, पंख्याच्या मध्यभागाजवळचे पान निवडावे.

मध्यशिरेचा निवाडा

दाढी नसलेल्या आयरिसची पाने अरुंद आणि गवताळ असतात. तेथे निर्णय डोळ्यांपेक्षा बोटांनी अधिक अचूक होतो. पान अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून आडवे चाचपावे. मधोमध उंचवटा जाणवला, तर ते जपानी आयरिस किंवा पाणथळ पिवळे आयरिस असण्याचा संभव मोठा. पान सपाट लागले आणि एक-दोन सेंटिमीटरच रुंद असले, तर सैबेरियन गटाकडे वळावे. सैबेरियन आयरिसचा बुंधा गवताच्या जुडग्यासारखा घट्ट असतो, जुन्या बुंध्याचा मधला भाग मरून कडे शिल्लक राहते आणि हिवाळ्यापूर्वी पाने सोनेरी तपकिरी होऊन वाळतात.

जपानी माणसाला ही परीक्षा जणू वारशाने मिळाली आहे. आयामे, हानाशोबू आणि काकित्सुबाता ही तीन आयरिस तेथे इतकी सारखी भासतात, की निवड करणे कठीण जावे अशा दोन सरस गोष्टींसाठी त्यांच्याच नावांची म्हण रूढ झाली. तरीही पान आणि जागा यांवरून तिढा सुटतो. हानाशोबूच्या पानात मध्यशीर ठसठशीत उठून दिसते. काकित्सुबाताचे पान रुंद, गुळगुळीत आणि मध्यशिरेच्या उंचवट्याविना असते; ते उथळ पाण्यातच उभे राहते. आयामेचे पान अरुंद असून ते कोरड्या जमिनीवर वाढते. ओगाता कोरिनने सोनेरी पडद्यांवर रंगवलेली आणि टोकियोच्या नेझू संग्रहालयात जतन केलेली आयरिस ही काकित्सुबाता होत.

पाणथळ पिवळ्या आयरिसबाबत ओळखीचा प्रश्न बागेच्या कुंपणाबाहेर जातो. युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका हे त्याचे मूळ स्थान. शोभेसाठी उत्तर अमेरिकेत नेलेले हे झाड तळ्या-ओढ्यांच्या काठांवर दाट माजले आहे. त्याचे बी पाण्यावर तरंगत दूर जाते आणि तुटलेल्या गड्ड्याचा तुकडाही रुजतो. वॉशिंग्टन राज्याने ते उपद्रवी तणांच्या यादीत घातले असून मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर येथे त्याच्या विक्रीस मनाई आहे. अडचण अशी, की त्याच पाणथळ जागी 'आयरिस व्हर्सिकलर' हे तेथील स्थानिक निळे आयरिसही वाढते. उपटण्याच्या मोहिमेत पाहुणा समजून घरचाच बळी जाऊ नये, म्हणून बारकाईने पाहावे लागते. पिवळ्याची पाने सहसा अधिक उंच, रुंद आणि ठळक मध्यशिरेची असतात. स्थानिक निळ्याच्या बुडाशी बहुधा जांभळट रंग असतो. तरीही केवळ पानांवरून येथे शंभर टक्के ग्वाही देता येत नाही. फुलाची किंवा शेंगेची वाट पाहणे हाच शहाणपणा. पिवळ्याच्या शेंगा मोठ्या, तिधारी असतात आणि भाराने खाली झुकतात.

लुइझियाना गटाची पाने लांब, फिकट हिरवी असून सौम्य हिवाळ्यात हिरवीच राहतात. त्यांचे हिरवट गड्डे दूरवर पसरत जातात. स्प्यूरिया गटाची पाने ताठ, किंचित पीळ असलेली. कडक उन्हाळ्यात ती पूर्ण वाळतात आणि झाड मेले असे समजून अनेक जण ते खणून टाकतात.

कंदवाले

कांद्यासारखे कंद असणारे आयरिस पंखा करतच नाहीत. फुलवाल्यांकडे गुच्छात मिळणाऱ्या डच आयरिसचे पान पन्हळीसारखे खोलगट आणि सडपातळ असते. रेटिक्युलाटा गटाचे पान आडवे कापल्यास काप चक्क चौकोनी दिसतो. फूल उमलते तेव्हा ते आखूड असते आणि फूल गेल्यानंतर भराभर लांब होते. जुनो गटाचे रोप फुलाविना पाहिले, तर मक्याचे लहान ताट उगवले आहे असा भास होतो.

महाराष्ट्रातील 'आयरिस'

दाढीवाल्या आयरिसला हिवाळ्याची खरी थंडी लागते. पुण्या-मुंबईच्या हवेत ते सहसा रमत नाहीत. येथे कुंड्यांतून 'आयरिस' म्हणून जे दिसते, ते बहुतेकदा तीनपैकी एक असते. पहिले 'वॉकिंग आयरिस'. त्याची पाने रुंद, चकचकीत असून मध्यशीर स्पष्ट असते. फुलाचा दांडा पानासारखाच चपटा असतो आणि फूल गेल्यावर त्याच्या टोकाला नवे रोप येऊन दांडा जमिनीकडे झुकतो. दुसरे आफ्रिकेतील 'डाएटीस'. त्याची पाने अरुंद, चिवट, चामड्यासारखी आणि बारमाही हिरवी. वनस्पतिशास्त्रानुसार ही दोन्ही आयरिस वंशातील नाहीत, केवळ त्याच कुळातील आहेत.

तिसऱ्याची कथा उलटी आहे. नारिंगी फुलांवर तांबडे ठिपके असणाऱ्या 'लेपर्ड लिली'ला दीर्घकाळ 'बेलामकँडा' या स्वतंत्र वंशात ठेवले गेले होते. २००५ साली तिचे नाव बदलून 'आयरिस डोमेस्टिका' करण्यात आले. म्हणजे दुकानात आयरिस म्हणून विकली जाणारी दोन झाडे आयरिस नाहीत आणि लिली म्हणवणारे मात्र आयरिस आहे! तिचा पंखा विलक्षण सपाट असतो, जणू हाताने दाबून बसवलेला, आणि तो जमिनीशी न थांबता दांड्याबरोबर थोडा वर चढतो. फळ तडकले की काळ्या बियांचा ब्लॅकबेरीसारखा घोस उघडा पडतो.

एप्रिल-मेच्या सुट्टीत काश्मीरला जाणाऱ्या मराठी पर्यटकांना खरे दाढीवाले आयरिस भेटतात ते कबरस्तानांत. तेथे कबरींवर आयरिस लावण्याची जुनी प्रथा आहे. पांढऱ्या फुलांच्या एका जातीला 'आयरिस काश्मिरियाना' हे नाव त्या भूमीवरूनच मिळाले. काश्मीर-लडाखच्या कुरणांत आणि वाटांच्या कडेला आढळणारी 'आयरिस लॅक्टिया' मात्र निराळी : तिची पाने राखाडी हिरवी, अरुंद, शिराळ आणि इतकी चिवट, की हाताने सहज तुटत नाहीत. कबरीवरचे गड्डे उचलण्याचा मोह कुणास झालाच, तर तो आवरावा, हे सांगणे नलगे.

नाव मात्र पानावर लिहिलेले नसते

इतके सारे जाणूनही पान एका टप्प्यावर थांबते. ते गट सांगते, क्वचित जातही सांगते. वाणाचे नाव सांगत नाही. दाढीवाल्या आयरिसचेच हजारो वाण नोंदले गेले आहेत आणि त्यांतील असंख्यांची पाने परस्परांपासून वेगळी काढता येत नाहीत. चार्टरहाउस या इंग्रजी शाळेत शिकवणाऱ्या विल्यम डाइक्स यांनी विविध जाती स्वतः वाढवून, पाहून १९१३ मध्ये या वंशावरील आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला. जिवंत झाड वर्षभर पाहणे, हाच त्यांच्या कामाचा पाया होता. जुन्या वाणांचा छडा लावणारे हौशी संग्राहक आजही तेच करतात. शंका असलेले झाड नाव माहीत असलेल्या झाडाशेजारी त्याच मातीत लावायचे आणि दोन-तीन हंगाम तुलना करायची.

त्यासाठी पानांची टिपणे कामी येतात. हिवाळ्यात पाने टिकली की वाळली, वसंतात बुडाचा रंग कोणता होता, फुलोऱ्याच्या वेळी पाने दांड्याहून उंच होती की ठेंगणी, पंख्याच्या सर्वांत रुंद पानाची रुंदी किती, हे लिहून ठेवावे. पानाचे छायाचित्र काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी. एक छायाचित्र पंख्याच्या बुडाचे आणि एक गड्ड्याचेही असावे. खणून स्थलांतर करायचे, तर दाढीवाल्यांसाठी उत्तर गोलार्धात जुलै ते सप्टेंबर हा काळ योग्य मानला जातो. गड्डा उचलण्यापूर्वीच पानावर पक्क्या शाईने खूण करण्याची पद्धत अनेक रोपवाटिकांत आहे, कारण मातीतून निघालेले गड्डे एकसारखेच दिसतात.

कळी उमलण्याआधीच्या आठवड्यात पान आणखी एक खूण देऊन जाते. कळीभोवतीची आवरणे ही पानांचीच रूपे होत. 'आयरिस पॅलिडा'मध्ये ही आवरणे फूल उमलण्यापूर्वीच पूर्ण वाळून चांदीच्या वर्खासारखी पातळ, कागदी झालेली असतात. 'जर्मानिका'मध्ये ती खालच्या बाजूला हिरवी राहतात आणि वरचा भाग तेवढा कागदी होतो. ही खूण टिपायला वर्षातून केवळ काही दिवस मिळतात.